उतारवयाची अमानत

माणूस आपल्या आयुष्यातील तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्याच्या कामाला देतो. ही वर्षे त्याच्या आयुष्यातील सर्वांत सशक्त वर्षे असतात. मोबदल्यात त्याला दरमहा वेतन मिळते. येथे प्रश्न असा निर्माण होतो की वेतन चुकते केले म्हणजे काम करवून घेणाऱ्याची जबाबदारी संपते काय? हात थकले, नजर मंदावली, उभे राहवेनासे झाले, त्यानंतरच्या काळाशी मालकाचे काही देणेघेणे उरते की नाही? हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे तसाच तो न्यायाचा आहे, आणि म्हणून दीनचाही आहे.

इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी ‘किताबुल खराज’ या ग्रंथात दुसरे खलीफा ह. उमर (रजि.) यांचा एक प्रसंग नोंदविला आहे. एका दारापाशी एक वृद्ध, दृष्टिहीन मनुष्य भीक मागत होता. तो यहुदी होता. ह. उमर (रजि.) यांनी कारण विचारले तेव्हा जिझिया, गरज आणि म्हातारपण यांमुळे हात पसरावा लागतो असे त्याने सांगितले. खलीफांनी त्याला आपल्या घरी नेले, घरातून काही दिले आणि बैतुलमालच्या खजिनदाराला त्याच्याकडे व त्याच्यासारख्या इतरांकडे लक्ष देण्याचा हुकूम केला. कारण असे दिले की या माणसाच्या तारुण्याचा लाभ राज्याने घ्यावा आणि वार्धक्यात त्याला वाऱ्यावर सोडावे, हा न्याय नव्हे. त्याचा जिझियाही माफ करण्यात आला.

या प्रसंगाचा उल्लेख बहुधा इस्लामी राज्यातील गैरमुस्लिमांच्या हक्कांसंदर्भात होतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक तत्त्व दडलेले आहे. ह. उमर (रजि.) यांनी त्या वृद्धाला केवळ दयेपोटी मदत केली नाही. त्यांनी दयेचा नव्हे, इन्साफचा शब्द वापरला. ज्याने तारुण्य वापरले त्याच्यावर वार्धक्याचे ऋण आहे, हे ते तत्त्व होय. ह. खालिद बिन वलीद (रजि.) यांनी हिरा येथील लोकांशी केलेल्या तहातही काम करण्यास असमर्थ झालेल्या वृद्धाला जिझियातून सूट आणि बैतुलमालमधून पोषण, असे कलम असल्याचे त्याच ग्रंथात नमूद आहे. आपल्या काळातील निवृत्तिवेतनाच्या प्रश्नाकडे याच तत्त्वाच्या प्रकाशात पाहिले पाहिजे.

काय बदलले?

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. केंद्र शासनाने हाच निर्णय १ जानेवारी २००४ पासून लागू केला होता. जुन्या योजनेत कर्मचाऱ्याला शेवटच्या मूळ वेतनाच्या साधारण निम्मी रक्कम आयुष्यभर मिळत असे. तिच्यावर महागाई भत्ता वाढत जाई आणि मृत्यूनंतर पत्नीला किंवा पतीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळे. त्यासाठी पगारातून काही कापले जात नसे. नव्या योजनेत कर्मचाऱ्याच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यातून १० टक्के कपात होते. शासन आपला वाटा घालते, जो आरंभी १० टक्के होता आणि पुढे १४ टक्के झाला. ही रक्कम रोख्यांत आणि शेअर बाजारात गुंतवली जाते. निवृत्तीच्या वेळी जी पुंजी जमली असेल तिच्यातील किमान ४० टक्के रकमेतून विमा कंपनीकडून वार्षिकी विकत घ्यावी लागते. दरमहा जे मिळेल ते त्या वार्षिकीतून.

फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सोलापूर जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत दोन शिक्षक आहेत असे समजा. एकाची नेमणूक ऑक्टोबर २००५ मधील, दुसऱ्याची त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील. दोघे एकाच इयत्तेला शिकवतात, दोघांचा पगार जवळपास सारखा. पहिल्याला आपल्या म्हातारपणी दरमहा किती मिळेल हे आजच सांगता येते. दुसऱ्याला ते निवृत्तीच्या दिवसापर्यंत सांगता येत नाही. समजा त्याच्या खात्यात ३० लाख रुपये जमले. त्यातील १२ लाखांची वार्षिकी घेतली आणि दर सहा टक्के मिळाला, तर वर्षाला ७२ हजार, म्हणजे महिन्याला सहा हजार रुपये होतात. उरलेले १८ लाख हातात येतात हे खरे. पण ते मुलीच्या निकाहात, घराच्या कर्जात किंवा एखाद्या मोठ्या आजारात किती दिवस पुरतील? आणि त्या सहा हजारांवर महागाई भत्ता नाही.

या अस्वस्थतेतूनच ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा जन्मली. १४ ते २० मार्च २०२३ असे सात दिवस राज्यभर शासकीय व निमशासकीय कर्मचारी आणि शिक्षक संपावर होते. शासनाने समिती नेमली. २०२३ मध्येच नव्या योजनेतील कर्मचाऱ्याचा सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद झाली. जानेवारी २०२४ मध्ये आणखी एक निर्णय झाला. ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, परंतु जे नंतर रुजू झाले, त्यांना जुन्या योजनेचा पर्याय देण्यात आला. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तिला संमती दिली. तिच्यात २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी आहे आणि किमान दहा वर्षे सेवा करणाऱ्याला दरमहा दहा हजारांची. म्हणजे वीस वर्षांच्या अनुभवानंतर हमीचे तत्त्व काही अंशी परत आणावे लागले.

निवृत्तिवेतन म्हणजे काय?

निवृत्तिवेतन हे बक्षीस आहे, खैरात आहे की मजुरीचाच एक भाग आहे? डी. एस. नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्वाळा दिला की निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली देणगी नसून पूर्वी केलेल्या सेवेमुळे प्राप्त झालेला हक्क आहे. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड त्या पीठाचे प्रमुख होते. आजही १७ डिसेंबर हा निवृत्तिवेतनधारकांचा दिवस म्हणून पाळला जातो.

शरियतच्या दृष्टीने उलेमांत या बाबतीत दोन प्रकारची मते आढळतात. काहींच्या मते ही विलंबाने दिली जाणारी मजुरी आहे. इतरांचे म्हणणे असे की माणूस किती जगेल हे कोणालाच ठाऊक नसल्याने एकूण रक्कम निश्चित होत नाही. मजुरी तर आधी निश्चित असली पाहिजे. म्हणून तिला मालकाने स्वेच्छेने कबूल केलेला अतिया, म्हणजे अनुदान, म्हणावे. वारसाहक्काच्या मसअल्यांत हा भेद महत्त्वाचा ठरतो. परंतु आपल्या प्रश्नापुरता दोन्ही मतांचा निष्कर्ष एकच आहे. मजुरी असेल तर ती बुडविणे हा जुलूम, आणि अतिया असेल तर ज्याच्या भरवशावर माणसाने आयुष्य वाहिले तो शब्द मोडणे ही वचनभंगाची गोष्ट.

कुरआनने सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत इमानवंतांना आपले करार पूर्ण करण्याची आज्ञा दिली आहे. सूरह अल-कससमध्ये (आयत २६ ते २८) ह. मूसा (अलै.) यांच्या चाकरीच्या कराराचे वर्णन आहे. मदयनच्या त्या वृद्ध गृहस्थांनी मुदत स्पष्ट केली, ती आठ वर्षांची. दहा पूर्ण केली तर ती मूसांची मर्जी. तसेच आपल्याला त्यांच्यावर कष्टाचा बोजा टाकायचा नाही, असेही त्यांनी सांगितले. दोघांनी अल्लाहला साक्षी ठेवले. मालक आणि मजूर यांच्यातील कराराचा याहून सुंदर नमुना कोणता? मुदत स्पष्ट, मोबदला स्पष्ट, सक्ती नाही, आणि बलवान बाजूने दुर्बल बाजूला दिलेला दिलासा.

सहीह बुखारीतील एका हदीस-ए-कुदसीनुसार कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः तीन माणसांविरुद्ध फिर्यादी असेल. अल्लाहच्या नावाने वचन देऊन ते मोडणारा, स्वतंत्र माणसाला विकून त्याची किंमत खाणारा, आणि मजुराकडून पूर्ण काम करवून घेऊन त्याची मजुरी न देणारा. वचनभंग, माणसाची विक्री आणि मजुरी बुडविणे या तीन गुन्ह्यांचा एकत्र उल्लेख पुष्कळ काही सांगून जातो.

करार मोडला की फक्त बदलला?

तथापि न्यायाचा आग्रह धरणाऱ्याने दुसऱ्या बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. नव्या नेमणुकीसाठी नव्या अटी ठेवणे म्हणजे करार मोडणे नव्हे. डिसेंबर २००५ मध्ये रुजू झालेल्याला अटी आधीच माहीत होत्या आणि त्याने त्या स्वीकारल्या. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून तीन परिस्थिती वेगवेगळ्या ओळखाव्या लागतील.

जो जुन्या अटींवर सेवा करून निवृत्त झाला किंवा सेवेत आहे, त्याचे निवृत्तिवेतन कमी करणे हा उघड वचनभंग आहे. त्याला शरियतमध्ये जागा नाही. ज्याने जुन्या अटींची जाहिरात पाहून अर्ज केला, पण कार्यालयीन विलंबामुळे उशिरा रुजू झाला, त्याचा दावाही बळकट आहे, कारण विलंब त्याच्यामुळे झालेला नाही. २०२४ चा निर्णय याच न्यायाला धरून आहे. तिसरा मात्र पूर्णपणे नव्या अटींवर आलेला कर्मचारी. त्याच्या बाबतीत करारभंग झाला असे म्हणता येणार नाही.

मग त्याच्या बाबतीत तक्रारीला जागाच नाही काय? आहे, आणि ती कराराच्या पलीकडची आहे. ज्याला नोकरीची गरज आहे तो अटी स्वीकारतो, एवढ्याने त्या अटी न्याय्य ठरत नाहीत. फिकहमध्ये एक सुप्रसिद्ध नियम आहे, की ज्याचा लाभ त्याचीच जोखीम. नव्या योजनेचे समर्थक म्हणतील की हा नियम आमच्याच बाजूने आहे. बाजार वाढला तर फायदा कर्मचाऱ्याचा, मग तोटाही त्याचाच. वरवर पाहता हे बरोबर वाटते. परंतु हा नियम व्यापार करणाऱ्यासाठी आहे, जो आपली जोखीम स्वतः निवडतो आणि ती सांभाळण्याचे ज्ञान बाळगतो. शिक्षक, परिचारिका किंवा नगरपालिकेचा सफाई कामगार व्यापार करायला आलेला नसतो. तो आपले श्रम विकायला आलेला असतो. त्याच्या म्हातारपणाला बाजाराशी बांधण्याची अट त्याने घातलेली नाही. कोट्यवधी लोकांच्या आयुर्मानाची सरासरी राज्य काढू शकते आणि मंदीची दहा वर्षे निभावून नेऊ शकते. साठाव्या वर्षी निवृत्त होणारा एकटा माणूस मंदी संपण्याची वाट पाहू शकत नाही. समर्थाने जोखीम दुर्बलाच्या खांद्यावर ठेवावी, हा व्यवहार कायदेशीर असेलही, पण त्याला अद्ल म्हणता येत नाही.

गुहेत अडकलेल्या तीन माणसांची हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. त्यांतील एकाने मजूर लावले होते. एक मजूर आपली मजुरी न घेताच निघून गेला. मालकाने ती मजुरी खर्च केली नाही, तर तिची वाढ केली. अनेक दिवसांनी मजूर परत आला तेव्हा त्या मजुरीची गुरेढोरे झाली होती. मालकाने ती सर्वच्या सर्व त्याच्या हवाली केली. मजुराला तर ती चेष्टा वाटली. त्या कृत्याचा वास्ता देऊन मालकाने दुआ केली आणि दगड सरकला. दुसऱ्याची न दिलेली मजुरी आपल्याजवळ असणे म्हणजे अमानत असणे, हा त्या हदीसचा बोध आहे. आज ज्याच्या हाती कामगारांचा निधी आहे, मग ते सरकार असो वा कंपनी, त्याचे स्थान त्या मालकासारखे आहे. महाराष्ट्रातील अनेक शिक्षकांची वर्षानुवर्षे तक्रार राहिली की पगारातून कपात होते, पण तिचा हिशोब हाती पडत नाही. अमानतीचा हिशोब मागावा लागणे हेच अमानतीत उणीव असल्याचे लक्षण आहे.

ही उणीव केवळ आपल्या देशात नाही. ब्रिटनमध्ये शेवटच्या पगारावर आधारित निवृत्तिवेतन देणाऱ्या खाजगी कंपन्यांच्या बहुतेक योजना गेल्या काही दशकांत नव्या कामगारांना बंद झाल्या. तेथे १९९१ मध्ये वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल याच्या मृत्यूनंतर उघड झाले की त्याने आपल्या वृत्तपत्रसमूहातील कामगारांच्या निवृत्तिनिधीतून कोट्यवधी पौंड आपल्या कंपन्या वाचविण्यासाठी काढून घेतले होते. पुढे २००५ मध्ये तेथे अशा बुडालेल्या योजनांतील कामगारांसाठी संरक्षण निधी सुरू करावा लागला. खियानत झाली की कायदा मागाहून येतो. तकवा असेल तर खियानतच होत नाही.

खजिना कोणाचा?

सर्वांत गंभीर आक्षेप असा आहे की राज्याचा खजिना सर्व जनतेचा आहे. त्यातील मोठा हिस्सा काही लाख कर्मचाऱ्यांच्या वेतनावर आणि निवृत्तिवेतनावर खर्च झाला तर उरलेल्या कोट्यवधींचे काय? सोलापुरात हा प्रश्न डोळ्यांसमोर उभा असतो. या शहरात तेलुगू भाषिक पद्मशाली भगिनींबरोबर मुस्लिम भगिनीही विड्या वळतात. हजार विड्यांवर मजुरी ठरते. पाने, तंबाखू घरी आणायची, वळायची, मोजून द्यायची. मान आणि पाठ वाकते, छाती तंबाखूच्या धुळीने भरते. त्यांपैकी ज्यांच्या नावे भविष्य निर्वाह निधी कापला जातो त्यांना १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून म्हातारपणी काही मिळते. त्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून दरमहा एक हजार रुपये आहे. त्याच्यावर महागाई भत्ता मिळत नाही. त्याच योजनेत १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर ३५ वर्षे सेवा धरली तर सूत्रानुसार महिन्याला साडेसात हजार होतात. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या छोट्या यंत्रमाग कारखान्यांतील अनेक कामगारांची तर निधीच्या नोंदवहीत नावेही नसतात.

या शहरातील गिरणी कामगारांच्या चळवळीचा इतिहास मोठा आहे. १९३० च्या मार्शल लॉ प्रकरणात शहीद झालेले अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांत काम करणारे होते. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासह त्यांना येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. पुढे एक एक करून गिरण्या बंद पडल्या. ज्यांचे तारुण्य त्या भोंग्यावर गेले त्यांच्या वार्धक्याला मात्र कोणताही भोंगा उरला नाही.

अशा वेळी विडी वळणाऱ्या बहिणीने विचारले, की मला हजार रुपये आणि साहेबांना त्यांच्या पगाराच्या निम्मे का, तर तिला काय उत्तर द्यावे? मला वाटते, या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही एकत्र दिली पाहिजेत. पहिले, एकाला कमी मिळते म्हणून दुसऱ्याचेही काढून घ्यावे, यातून कोणाचेच पोट भरत नाही. शिक्षकाचे निवृत्तिवेतन बंद झाल्याने विडी कामगाराचे हजाराचे दोन हजार झालेले नाहीत. दुसरे, शरियतचा मापदंड शेवटचा पगार हा नाही. तो मापदंड आहे किफायत, म्हणजे माणसाला सन्मानाने जगण्यापुरते अन्न, वस्त्र, निवारा आणि औषध. तेवढ्याची हमी प्रत्येक कष्टकऱ्याचा हक्क आहे, मग तो कार्यालयात बसणारा असो वा पाटावर विड्या वळणारा. ह. उमर (रजि.) यांनी खजिनदाराला हुकूम देताना ‘त्याच्यासारख्या इतरांचा’ही समावेश केला होता. त्यांनी त्या वृद्धाचा पेशा विचारला नाही. किफायतीच्या वर जे असेल त्यात कर्मचाऱ्याने वाटा द्यावा, मर्यादा असावी, उच्च अधिकाऱ्याच्या मोठ्या रकमेवर चर्चा व्हावी, यात गैर काही नाही. सूरह अल-हशरच्या सातव्या आयतीने संपत्ती केवळ धनवंतांमध्येच फिरत राहू नये असा दंडक घातला आहे. तो दंडक कर्मचारी संघटनांनाही लागू आहे. आपल्या हक्काची मागणी करताना आपल्यापेक्षा कमी मिळणाऱ्याला विसरणारी चळवळ अर्धीच न्यायाची असते.

हलालची चिंता

मुस्लिम कर्मचाऱ्यापुढे आणखी एक अडचण आहे, जिची चर्चा संपाच्या सभांत होत नाही. जुन्या योजनेत निवृत्तिवेतन मालकाकडून थेट येत असे. त्याच्या हलाल असण्याविषयी शंका नव्हती. सक्तीने कापल्या जाणाऱ्या भविष्य निर्वाह निधीवर जी वाढ मिळते तिच्याविषयीही उपखंडातील अनेक मुफ्तींनी असे मत दिले आहे की रक्कम कर्मचाऱ्याच्या ताब्यात आलेलीच नसल्याने ती वाढ रिबा नसून मजुरीचाच भाग मानता येईल. मात्र स्वेच्छेने जादा कपात करून घेण्यापासून दूर राहावे. नव्या योजनेत पैसा व्याजी रोख्यांतही गुंतविला जातो, आणि निवृत्तीनंतर विमा कंपनीची वार्षिकी घ्यावी लागते, जिच्यात व्याज आणि अनिश्चितता हे दोन्ही घटक अनेक उलेमांच्या मते आढळतात. कायद्याने सक्ती असेल तर नाइलाजाचा हुकूम वेगळा असतो, हे खरे. अशा बांधवांनी आपल्या भागातील विश्वासू मुफ्तींकडे आपली कागदपत्रे घेऊन जावे आणि मसअला विचारावा, केवळ ऐकीव गोष्टींवर विसंबू नये. परंतु समाजाच्या विचारवंतांनी हाही प्रश्न शासनापुढे मांडायला हवा, की व्याजमुक्त गुंतवणुकीचा पर्याय ज्याला हवा त्याला तो मिळावा. ही सवलत नव्हे, श्रद्धेच्या स्वातंत्र्याचा साधा विस्तार आहे.

‘रिज्क तर अल्लाह देतो, मग म्हातारपणाची एवढी चिंता कशाला?’ असेही काही बांधव म्हणतात. रिज्क अल्लाहच देतो यात शंका नाही. पण ह. यूसुफ (अलै.) यांनी दुष्काळाची सात वर्षे येण्याआधी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठविले, आणि ते अल्लाहचे प्रेषित होते. ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी आपली बहुतेक संपत्ती दान करण्याची इच्छा व्यक्त केली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एक तृतीयांशावर थांबण्यास सांगितले, कारण वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा सुस्थितीत सोडणे उत्तम. तवक्कुल आणि तरतूद यांच्यात विरोध नाही.

मुलांनी आईवडिलांना सांभाळावे हेही तितकेच खरे. सूरह बनी इस्राईलच्या २३ व्या आयतीत वृद्ध मातापित्यांशी नुसत्या ‘उफ्’ शब्दानेही कठोर होऊ नये, अशी ताकीद आहे. पण मुलाचे कर्तव्य मालकाचे कर्ज फेडत नाही. ज्याने श्रम घेतले त्याचा हिशोब वेगळा आणि ज्याला जन्म दिला त्याचा वेगळा. शिवाय ज्याला मूल नाही, किंवा ज्याचा मुलगा स्वतःच यंत्रमागावर रोजंदारी करतो, त्याने कोणाच्या दारी जावे?

आपल्या दाराशी

सरकारला प्रश्न विचारणे सोपे आहे. परंतु आपल्यातही मालक आहेत. कोणाचे दुकान आहे, कोणाचे माग आहेत, कोणाची बेकरी, कोणाचे गॅरेज. त्यांच्याकडे वीस-वीस वर्षे काम करणारी माणसे आहेत. कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, सर्वसाधारणपणे पाच वर्षे सेवा झालेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन ग्रॅच्युइटी म्हणून द्यावे लागते. वीस कामगार झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. वीस होऊ नयेत म्हणून कागदावर एका कारखान्याचे दोन करणारा मनुष्य नमाजच्या पहिल्या सफेत उभा राहत असेल, तर त्याने सूरह अल-मुतफ्फिफीन पुन्हा वाचावी. मापात मारणाऱ्यांवर तिच्यात जो धिक्कार आहे तो फक्त तराजूपुरता नाही.

त्याहून अधिक विचार करायला लावणारी गोष्ट मशिदीची आहे. एक इमाम तीस वर्षे पाच वेळा नमाज पढवतो, आमच्या मुलांना कुरआन शिकवतो, आमचे निकाह लावतो आणि जनाजे पढवतो. मुअज्जिन थंडीपावसात पहाटे सर्वांच्या आधी उठतो. त्यांचे मानधन बहुतेक ठिकाणी अत्यल्प असते, आणि आवाज थकला, गुडघे दुखू लागले की निरोपाचा एक हार व एक पाकीट देऊन त्यांना गावी पाठवले जाते. मशिदीला संगमरवर लागतो, मिनाराची उंची वाढते, आणि जो मनुष्य त्या मिनाराखाली म्हातारा झाला त्याचे नाव खर्चाच्या कोणत्याही रकान्यात नसते. ह. अबू बक्र (रजि.) खलीफा झाले तेव्हा उम्मतच्या कामामुळे व्यापार करता येईना, म्हणून त्यांच्यासाठी व त्यांच्या कुटुंबासाठी बैतुलमालमधून खर्च ठरविण्यात आला. उम्मतच्या सेवेसाठी जो आपली कमाई सोडतो त्याचे भरणपोषण उम्मतकडे, हे या उम्मतच्या पहिल्या खिलाफतीतच निश्चित झाले होते. मदरशांतील उस्ताद आणि आमच्या संस्थांच्या विनाअनुदानित शाळांतील शिक्षिका यांनाही हाच न्याय लागू आहे.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक मशीद व मदरसा समितीने इमाम, मुअज्जिन आणि उस्ताद यांच्याशी लेखी करार करावा. त्यांच्या मानधनाच्या दहाव्या हिश्श्याएवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात, त्यांच्या नावे, व्याजमुक्त स्वरूपात ठेवावी आणि वर्षातून एकदा तिचा हिशोब त्यांच्या हाती द्यावा. एका शहरातील दहा-बारा मशिदी एकत्र आल्या तर निवृत्त इमामांसाठी एखादे दुकान किंवा दोन खोल्या वक्फ करून तिच्या भाड्यातून दरमहा ठरावीक रक्कम देता येईल. दुकानदाराने आपल्या जुन्या नोकराचा हिशोब आजच मांडावा, तो मागेल तेव्हा नव्हे. ही रक्कम जकातमधून देऊ नये, कारण जकात गरिबाचा हक्क आहे आणि मजुरी मजुराचा. एकाने दुसऱ्याचे कर्ज फेडले जात नाही.

एवढे आपण केले तर शासनापुढे उभे राहून न्यायाची भाषा बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला प्राप्त होईल. आणि न केले, तर जुन्या पेन्शनच्या मोर्च्यात आपण दिलेल्या घोषणा आपल्याच मशिदीच्या हुजऱ्यातील वृद्धाच्या कानी पडतील, आणि तो काही न बोलता आपली पथारी गुंडाळेल.

अल्लाह आम्हा सर्वांना दिलेला शब्द पाळण्याची, घेतलेल्या श्रमांचे मोल जाणण्याची आणि थकलेल्या हातांचा हक्क त्यांनी मागण्याआधी त्यांच्यापर्यंत पोचविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.